क्रेप पेपरचा गुलाब : पहिलं फूल घडवताना

माझा पहिला कागदी गुलाब मी कुणालाच दाखवला नाही. पाकळ्या अगदी एकसारख्या कापल्या होत्या, गोंद नीट लावला होता, रंगही बरा होता. तरी ते फूल गुंडाळून ठेवलेल्या रुमालासारखं दिसत होतं. हाताची चूक फारशी नव्हती. मी मनातल्या गुलाबावरून फूल केलं होतं, आणि मनातला गुलाब म्हणजे काय, तर एक गोल आणि त्यात फिरत गेलेली रेघ. खऱ्या गुलाबाची पाकळी तोवर मी कधी सुटी करून पाहिलीच नव्हती.

म्हणून कात्री जरा बाजूला ठेवा. पूर्ण उमललेला एक गुलाब घ्या आणि बाहेरून आत एकेक पाकळी काढत चला. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. बाहेरच्या पाकळ्या जवळजवळ लांबीइतक्याच रुंद असतात. आत जाल तशा त्या अरुंद होत जातात, आणि गाभ्याजवळच्या काही तर दुमडलेल्या, एका बाजूने खुजट राहिलेल्या, वेड्यावाकड्याच निघतात. बुडाशी रंग फिका किंवा पिवळसर असतो. सगळ्यात बाहेरच्या एखाद-दोन पाकळ्यांवर हिरवट झाक किंवा तपकिरी ओरखडा सापडतो. वरची कड मागे वळलेली असते, पण सगळीकडे सारखी नाही : दोन्ही खांद्यांवर जास्त, मधे कमी, त्यामुळे मधोमध एक हलकं टोक तयार होतं.

यांतल्या तीन पाकळ्या निवडा, एक लहान, एक मध्यम, एक मोठी. त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवून जाड कागदावर साचे काढून घ्या. विकतचे किंवा छापील साचे वाईट नसतात, पण स्वतः काढलेल्या साच्याबरोबर त्या पाकळीची ओळखही हातात राहते.

इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी यांनी १७७२ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडं चिकटवायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ १,००० चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचं काम सपाट होतं, आपलं उभं आहे. पण खरी वनस्पती समोर ठेवून कापायची त्यांची सवय जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

पहिलं फूल म्हणून गुलाबच का, हेही सांगतो. कमी पाकळ्यांचं फूल सोपं वाटतं, पण पाच पाकळ्यांच्या फुलात प्रत्येक पाकळी पूर्ण उघडी असते, आणि मधले केसरही नीट करावे लागतात. कुठेच काही लपत नाही. गुलाबात आतल्या सात-आठ पाकळ्यांची फक्त वरची कड दिसते. तुमच्या पहिल्या सात-आठ पाकळ्या बिघडणारच आहेत. त्या झाकल्या जाव्यात यासारखी सोय दुसरी नाही.

कागद आणि त्याच्या रेघा

क्रेप पेपर म्हणजे सुरकुतवलेला कागद. ओलसर कागद गरम रुळाला चिकटलेला असताना पात्याने खरवडून काढला जातो. तो पात्याशी गोळा होत जातो आणि त्याला बारीक आडव्या चुण्या पडतात. या चुण्यांत लपलेला जादा कागद हीच आपली पुंजी आहे. ताणला की तो उलगडतो, आणि सपाट कागदाला गोलाई येते. साध्या कागदाला काही केल्या वाटीचा आकार येत नाही, क्रेपला अंगठ्याच्या दाबाने येतो.

कागदाचं वजन पाकिटावर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. सजावटीच्या माळा-पताकांचा स्वस्त क्रेप फार पातळ असतो, ताणला की मरगळतो. त्याच्यावर हात बसवायला जाऊ नका. कागदाचा दोष तुम्ही स्वतःच्या माथी घ्याल. गुलाबासाठी १८० ग्रॅमचा जाड इटालियन क्रेप सगळ्यांत सोशीक. तो भरपूर ताणतो आणि ताणलेला आकार धरून ठेवतो. त्याच्या चुण्या ठळक असतात, त्यामुळे फूल जवळून थोडं खडबडीत दिसतं, इतकीच त्याची उणी बाजू. ९० ग्रॅमच्या आसपासचे बारीक चुण्यांचे कागद जास्त नाजूक दिसतात, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या फुलासाठी ठेवा. जाड कागद आधी थोडा ताणून घेतला तर चुण्या बऱ्याच निवळतात. मी मोठ्या पाकळ्यांसाठी पट्टी कापल्यावर ती आडवी, साधारण निम्म्या ताणापर्यंत ओढून घेतो, मग साचा ठेवतो. अर्धा ताण शिल्लक ठेवायचा, कारण वाटी करायला तोच लागतो.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कागद हातात घेऊन दोन्ही दिशांनी ओढून बघा. एका दिशेने तो लांबतो, दुसऱ्या दिशेने हटून बसतो. चुण्यांच्या रेघा हटणाऱ्या दिशेला समांतर असतात. पाकळी कापताना या रेघा बुडापासून टोकाकडे, म्हणजे उभ्या यायला हव्यात. खऱ्या पाकळीच्या शिराही तशाच जातात, आणि ताण रुंदीत मिळतो, जिथे वाटी करायची असते. रेघा आडव्या आल्या तर पाकळी उंचीत ताणली जाते, मान टाकते, आणि कितीही दाबलं तरी खोलगट होत नाही. कात्री लावण्याआधी दर वेळी कागद एकदा ओढून बघायचा, इतकी साधी शिस्त आहे. मी ती अजून कधीमधी मोडतो आणि पट्टीच्या पट्टी वाया घालवतो.

बाकीचं सामान

फार काही लागत नाही. टोकदार, धारेची लहान कात्री; ती फक्त कागदालाच वापरा. देठासाठी १८ नंबरची तार आणि पानांसाठी २६ नंबरची. तारेच्या नंबराचा हिशेब उलटा आहे, नंबर वाढला की तार बारीक. तार कापायला पक्कड, तारेवर कात्री चालवली तर कात्री गेलीच म्हणून समजा. लाकूडकामाचा पांढरा गोंद. फुलकामाची हिरवी टेप. बांबूची एक गोल काडी किंवा विणकामाची सुई.

ग्लू गन पाहिजेच असं बऱ्याच जणांना वाटतं. ती झटपट आहे हे खरं. पण तिच्या गोंदाचे गोळे पाकळीच्या बुडाशी साठतात, फूल खालून जाडजूड होतं, आणि एकदा चिकटलेली पाकळी सरकवता येत नाही. बोटं भाजतात ते वेगळंच. पांढरा गोंद अर्धं मिनिट तुम्हाला विचार बदलू देतो. नवख्याला ते अर्धं मिनिट हवं असतं.

गाभा

देठाची तार २५ ते ३० सेंटीमीटर घ्या. वरचं टोक पकडीने वळवून छोटा आकडा करा, म्हणजे गाभा निसटणार नाही. आकड्याभोवती कापूस किंवा क्रेपची पट्टी घट्ट गुंडाळत थेंबाचा आकार करा : उंची अडीच सेंटीमीटर, पोट दीडेक सेंटीमीटर, वर निमुळता. गुंडाळताना मधे मधे गोंदाचा ठिपका द्या. गाभा लहान वाटला तरी वाढवू नका. मोठ्या गाभ्यावर कळी कधी मिटत नाही, आणि वरून पाहिलं की मधे टक्कल दिसतं.

पाकळ्या

लहान पाकळ्या ८ कापा, साधारण साडेतीन सेंटीमीटर रुंद आणि साडेचार उंच. मध्यम ६, पाच बाय साडेपाच. मोठ्या ७, सहा बाय साडेसहा. बूड सगळ्यांचं निमुळतं. साच्यावरून कापून झालं की प्रत्येकीत कात्रीने काहीतरी किरकोळ फरक करा : एकीचा खांदा उतरवा, दुसरीच्या कडेला बारीकशी खाच द्या, तिसरी जरा अरुंद करा. चार कागद एकावर एक ठेवून एकदम कापले तर वेळ वाचतो, पण मग हे किरकोळ फरक करणं आणखी गरजेचं.

वाटी करणं वाचून लवकर कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पाकळी दोन्ही हातांत अशी धरा की दोन्ही अंगठे पुढून, पाकळीच्या मध्यावर शेजारी शेजारी येतील आणि बाकीची बोटं मागून आधाराला राहतील. आता अंगठे हळूच दाबत एकमेकांपासून दूर न्या. कागद कुरकुरत उलगडतो, मधल्या चुण्या नाहीशा होतात आणि तिथे पोट तयार होतं. कडांच्या चुण्या तशाच राहिल्या पाहिजेत. कडा आवळलेल्या राहतात म्हणून तर मधे वाटी होते. एका दमात ओढू नका. दोन-तीन हलक्या ओढीत करा, कारण क्रेप एकदा ताणला की परत आखडत नाही. कडेपर्यंत ताण गेला तर पाकळी वाटीऐवजी पसरट पंख्यासारखी होते. तशी झाली तर फेकू नका, ती आत जाईल.

वाटी कुठे करायची हे पाकळीच्या जागेवर ठरतं. लहान पाकळ्यांना वाटी वरच्या अंगाला, म्हणजे त्या आत झुकून गाभ्यावर मिटतात. मध्यम पाकळ्यांना बरोबर मधे. मोठ्यांना खालच्या अंगाला, आणि त्यांची वरची कड मागे वळवायची. त्यासाठी बांबूची काडी एका खांद्यावर तिरकी ठेवून कड तिच्यावर मागच्या बाजूला गुंडाळा आणि सोडा. मग दुसऱ्या खांद्यावर तसंच करा. मधली जागा मोकळी सोडली की ते हलकं टोक आपोआप उठून दिसतं. सरळ आडवी काडी ठेवून सगळी कड एकदम गुंडाळली तर पाकळी दुमडलेल्या कॉलरसारखी दिसते. दोन बोटांच्या चिमटीत कड किंचित ताणून लाटही आणता येते, पण ती दोन-तीन पाकळ्यांनाच द्या. सगळ्यांना दिली की गुलाबाची झालर होते.

रंग भरायचा असेल तर तो आत्ता, पाकळ्या सुट्या असताना. सुक्या पेस्टल खडूची पूड पात्याने खरवडून घ्या आणि मऊ ब्रशने बुडाशी फिका पिवळा किंवा हिरवट, कडेला पाकळीच्याच रंगाची गडद छटा, अशी हलकी पुसा. जादा पूड फुंकून टाका. ओले रंग सुरुवातीला नकोत. पाणी लागलं की चुण्या सैल पडतात आणि कागदाचा स्वतःचा रंगही सुटतो. नुसत्या घामाच्या बोटांनीसुद्धा सुटतो : एकदा लाल पाकळ्या करून त्याच हातांनी पांढऱ्या उचलल्या, आणि सगळ्या पांढऱ्या पाकळ्यांवर माझ्या बोटांचे गुलाबी ठसे उमटले. तेव्हापासून फिके रंग आधी, गडद नंतर, आणि मधे हात धुऊन कोरडे करायचे.

जोडणी

पहिल्या तीन लहान पाकळ्या गाभ्याला घट्ट लपेटायच्या. पहिलीला अर्ध्या उंचीपर्यंत गोंद लावा आणि गाभा पूर्ण झाकेल अशी गुंडाळा. दुसरी तिच्यासमोर, तिसरी उरलेल्या फटीवर. वरून पाहिलं तर कापूस दिसता कामा नये. पुढच्या पाच लहान पाकळ्यांना गोंद फक्त खालच्या तिसऱ्या भागाला. प्रत्येक नवी पाकळी आधीच्या दोघींच्या फटीवर बसवा आणि निम्म्याने चढवा. खराब झालेल्या पाकळ्या इथेच खपवायच्या. एखादी मधोमध उभी दुमडून घातली तर फारच छान, खऱ्या गुलाबात अशा असतातच.

मध्यम पाकळ्यांपासून गोंद फक्त बुडाच्या अर्ध्या सेंटीमीटरला. चिकटवण्याआधी बुडाशी चिमटीने एक लहान चुणी घाला, त्याने पाकळी जरा बाहेर झुकते. शेवटी मोठ्या पाकळ्या.

इथे सगळ्यांची एक चूक होते. आधीच्या पाकळीच्या बुडावर नवी लावायला जागा अवघडते, म्हणून हात नकळत तारेवरून खाली सरकत जातो. एकवीस पाकळ्या होईपर्यंत फूल बसकं आणि रुंद व्हायच्या ऐवजी लांबट होतं, मनोऱ्यासारखं. सगळी बुडं एकाच कड्यात यायला हवीत. प्रत्येक पाकळी लावून झाली की फूल आडवं करून बाजूने बघा. बूड जाड वाटलं तर आधीच्या पाकळ्यांची टोकं कात्रीने तिरकी छाटून मग पुढची लावा.

दर थरानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि फूल उलटं टांगून ठेवा. सुलटं ठेवलं तर गोंद ओला असेपर्यंत बाहेरच्या पाकळ्या स्वतःच्या वजनाने लोंबतात. या वेळात पानं कापून होतात.

फुलाखालचा हिरवा भाग

फुलाखालची हिरवी दलं, वनस्पतिशास्त्रात त्यांना निदलं म्हणतात, ती गुलाबाला पाच असतात. ती एकसारखी नसतात, आणि हे बारकाईने पाहिलेल्यालाच कळतं. रानगुलाबात हे अगदी ठळक दिसतं : दोन निदलांच्या दोन्ही कडांना झालरीसारखे फाटे, दोघांना कुठेच नाहीत, आणि एकाला फक्त एका कडेला. कळीत ही निदलं एकमेकांवर चढलेली असतात. जी कड बाहेर उघडी राहते तिला फाटे येतात, जी झाकली जाते ती साधी राहते. कागदात हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पाच लांबट टोकदार तुकडे कापा, रेघा उभ्या, आणि कडेला कात्रीने तेवढ्याच ठिकाणी बारीक चिरा द्या. टोकाला किंचित पीळ द्या. पाच दिशांना चिकटवा. फूल पूर्ण उमललेलं असेल तर निदलं खाली वळवा, अर्धं असेल तर पाकळ्यांना टेकू द्या.

त्यांच्या खाली फुगीर गाठ हवी. गुलाबाचं फळ तिथेच धरतं. हिरव्या क्रेपची एक सेंटीमीटर रुंद पट्टी तारेवर पाच-सहा वेढे फिरवा, झाली गाठ. ही नसली तर फूल देठावर वाढलेलं न वाटता तारेला खोचलेलं वाटतं. नेमकं काय चुकलंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

पानं

गुलाबाचं एक पान म्हणजे बहुधा पाच पानुल्या : टोकाला एक, खाली समोरासमोर दोन जोड्या. एकच मोठं पान लावलं तर ते दुसऱ्याच झाडाचं होतं.

पानुलीच्या शिरा मधल्या शिरेपासून तिरक्या, टोकाकडे चढत जातात, पिसाच्या रेघांसारख्या. क्रेपच्या रेघांतून हेच मिळवता येतं. हिरव्या कागदाचा आयत कापा, रेघा उभ्या. तो एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका कापून दोन त्रिकोण करा. त्यांतला एक पालथा करा आणि दोघांच्या तिरक्या कडा एकमेकींना भिडवा. दोन्हीकडच्या रेघा आता मधल्या जोडावर तिरक्या मिळतात. जोडाची कड दोन-तीन मिलिमीटर एकमेकींवर चढवा, मधे गोंद लावलेली २६ नंबरची तार दाबा आणि वाळू द्या. वाळल्यावर पानाचा आकार कापा. कुठलं टोक वर ठेवायचं, हे कापण्याआधी तपासा. रेघा टोकाकडे चढल्या पाहिजेत, देठाकडे उतरल्या तर पान उलटं वाटतं. कडेचे दातेही टोकाकडे झुकलेले कापा. दोन हिरव्या छटा मिसळा, आणि वरच्या कोवळ्या पानाच्या कडेला थोडी तांबूस पूड लावा.

टेप

हिरवी टेप हातात घेतली तर चिकट लागत नाही, म्हणून खराब निघाली असं नवख्याला वाटतं. तिच्यात मेण असतं, आणि ताणल्यावरच ती चिकटते. फुलाच्या गाठीपाशी एक वेढा दाबून धरा. मग एका हाताने टेप खाली तिरकी ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने तारच फिरवत राहा. टेप तारेभोवती फिरवायला गेलात तर गुंता होतो. वेढे तिरके आणि निम्मे एकमेकांवर आले की देठ गुळगुळीत होतो. पानुल्यांच्या तारा आधी एकमेकींना टेपने बांधून पूर्ण पान करा, मग ते फुलाखाली सात-आठ सेंटीमीटरवर देठाला घ्या. दुसरं पान त्याच्या समोर नको, आणखी खाली आणि दुसऱ्या दिशेला; गुलाबाची पानं देठावर एकाआड एक येतात. टेप रुंद वाटली तर उभी चिरून निम्मी करा, बारीक तारांवर तीच बरी बसते.

सरतेशेवटी देठ सरळ ठेवू नका. फुलाखाली थोडी मान वाकवा, मधे एक हलका बाक द्या. पाकळ्या एकदा बोटांनी उलगडा, दोन बाहेरच्या जास्त खाली ओढा, एक वर राहू द्या.

फूल उन्हात ठेवाल तर रंग उडेल, गडद लाल आणि जांभळा सगळ्यांत आधी. दमट जागी क्रेप सैल पडतो आणि कडांची वळणं सुटतात. काडीवर पुन्हा गुंडाळली की येतात. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं लावू नका. साच्यांवर तारीख आणि कागदाचं वजन लिहून ते एका पाकिटात ठेवा. दुसऱ्या गुलाबाला त्यांतला मोठ्या पाकळीचा साचा बहुतेक बदलावासा वाटेल, तो पुन्हा ताज्या पाकळीवरूनच काढा.